नाथसागरावरचं माझं मौन

छत्रपती संभाजीनगर,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप बन्सीदादास,

धाकट्या अप्पारावचा नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग जमत नाही, उभ्यानंच मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? सरूवहिनी सांगतात तसं तेल चोळत असशील तर बरी असेल, चोळत नसशील तर चूक तुझीच. इकडं आम्ही मजेत.

निवृत्तीनंतर मी पक्ष्यांचे फोटो काढायला लागलो हे तू ऐकलं असशील आणि हसलाही असशील. हस. पण दिवाळीनंतर नाथसागराचं पाणी ओसरायला लागतं, उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात आणि त्याच काठावर हिमालयापलीकडून चक्रवाक येऊन उतरतात. (केशरी अंगाची बदकं समज, पण आमच्या पक्षीमित्र मंडळात त्यांना बदकं म्हणू नकोस.) मंडळाच्या तनुजा मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की पाखराला माणसाचा आवाज चालत नाही. मी म्हणालो, निर्धास्त राहा. तीस वर्षं सरकारी नोकरी केली, गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

पहाटे बाभळीखाली घोंगडी पांघरून बसलो. दोन तास हूं की चूं नाही. थवा आला, पाण्यावर एक फेरा मारला आणि नेमका समोरच्या हरभऱ्यात उतरला. आणि दादा, बिडकीनच्या रानात ज्वारी राखताना माळ्यावर उभं राहून आपण दोघं जी आरोळी ठोकायचो, ती माझ्या तोंडून निघाली. हाऽऽ हुर्र्याऽऽ! उभ्या पिकात पाखरू दिसलं की आपल्या घराण्याचा गळा डोक्याला विचारत नाही. थवा गेला. दुसऱ्या दिवशी तोंडात सुपारी धरून बसलो, तर सुपारीसकट ओरडलो (ती अजून सापडलेली नाही). तिसऱ्या दिवशी तोंडाला मफलर बांधला आणि दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतवले. मफलरातून आरोळी फुटली, माझाच मी दचकलो आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. जवळच मेंढ्या चारणारी बानाबाई तिन्ही दिवस हे बघत होती. शेवटी ती जवळ येऊन म्हणाली, "बाबा, तुमी फोटू काढाया आलाव का राखणीला? राखण लई चांगली करता."

पण फोटो असा आला म्हणून सांगू! सगळा थवा एका झटक्यात उठलेला, पंखांतलं पांढरं लख्ख, पायांचा चिखल हवेत. मंडळाच्या प्रदर्शनात तो पहिला आला. तनुजा मॅडम म्हणाल्या, उडण्याचा क्षण असा टिपायचा म्हणजे केवढा संयम लागतो. येत्या रविवारी त्यांनी शहागंजजवळच्या एका सभागृहात माझं व्याख्यानच ठेवलंय. विषय, 'पाणवठ्यावरचं मौन'. साठ वर्षांत पहिल्यांदा मला कुणी संयमी म्हटलं, दादा. फार बरं वाटलं, खरं सांगायला तोंडच उघडलं नाही. भाषणाची मला अजिबात काळजी नाही. मौनावर मी दीड तास सहज बोलेन.

वहिनींना नमस्कार सांग आणि तेलाचं मनावर घे.

तुझा,
अप्पाराव

ता. क. एक बारीक काम आहे. काठावरच्या माणसांचा सत्कार म्हणून मॅडमनी बानाबाईलाही रविवारी बोलावलंय. तिनं तोंड उघडलं की माझा संयम संपला. तर शनिवारीच तिच्या मेंढ्या तुझ्या रानात बसवायला बोलाव. वावराला लेंडीखत होईल आणि कळप सोडून तिला शहरात येता येणार नाही. दोघांचंही भलं.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मॅडमचा फोन आला. बानाबाईनं त्यांना सांगून टाकलंय, की एक बाबा तीन दिवस काठावर बसून पाखरं हाकत होता. नाव तिला माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "अप्पाराव, काय करू नये याचं उदाहरण म्हणून त्या बाबाचा किस्सा तुमच्या व्याख्यानात घ्याच." तेव्हा मेंढ्यांचं राहू दे, तूच ये आणि पहिल्या रांगेत बस. त्या बाबाचं नाव मी स्वतः सांगायचं ठरवलंय. फक्त सांगताना समोर कुणीतरी आपलं माणूस हवं.