महिनाभर पुरेल एवढं बोलणं

केलगेरी, धारवाड
१२ नोव्हेंबर २००७

प्रिय सावनी,

ईमेल सोडून आईनं कागद-पेन का काढलं, असं तुला वाटेल. मी टाइप करायला बसले की तुझे अप्पा शेजारी खुर्ची ओढून काय लिहितेस, काय लिहितेस म्हणून विचारत राहतात, आणि हे पत्र मला त्यांना न कळता लिहायचंय. तू विचारलंस की अप्पा अजून रागावलेत का, बोलताना माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्याचं उत्तर देणार आहे. पण त्याआधी तुला आमच्या ब्रॉडबँडची भानगड समजून घ्यावी लागेल. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी, मधल्या पायऱ्या गाळून उत्तर लिहिलेलं मला चालत नाही.

तुझ्या एडिनबराला विद्यापीठाची लाइन, तिथे कोण मोजत बसतंय! इथे जूनमध्ये लाइन आली तेव्हा योजनेवर २५६ लिहिलं होतं. सेकंदाला एवढे केबी येणार म्हणून आम्ही खूश. ते निघाले किलोबिट. आठानं भागायचं, की हातात राहतात बत्तीस. तरी मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले आणि पडद्यावर तू दिसलीस तेव्हा मला रडूच आलं. पण तू म्हणालीस, अप्पांचा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी दिसतोय. झालं. त्यांनी ते मनावर घेतलं. पोरीला बाप नीट दिसला पाहिजे, स्पीड वाढवायचा म्हणजे वाढवायचा.

दुसऱ्याच दिवशी मला घेऊन टेलिफोन ऑफिसात गेले. तिथली वरची योजना 'दोन एमबीपीएसपर्यंत' होती, आणि त्यांचं वकिली डोकं त्या 'पर्यंत'पाशी अडलं. निदान किती मिळेल ते लेखी द्या म्हणून कानडीतून चांगलेच भांडले. काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चहा मागवला. जाता-येता अप्पांनी माझा हात धरला होता, भर बाजारात. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. ओळखीचे लोक बघत होते, मी मान ताठ ठेवून चालत राहिले.

चूक कुठे झाली ते आता ऐक. ती आपल्या गावच्याच माणसांनी करावी अशी आहे. नळ सहा-सात दिवसांनी येतो, तोही घटकाभर. गल्लीत 'नीर बंतु', पाणी आलं, अशी हाक ऐकली की सगळे धावतात, आणि ज्याचा पाइप जाड त्याची टाकी आधी भरते. आम्ही त्याच हिशोबानं जाड पाइप घेतला. पण हा टाकी भरायचा नळ नव्हताच. टाकी महिन्यातून एकदा कंपनीच भरून देते, एक जीबी डेटाची. आम्ही घेतला तो टाकी रिकामी करायचा नळ. चित्र स्वच्छ आलं, तुझ्या खिडकीबाहेरचं चर्चसुद्धा मला दिसायला लागलं, आणि सात तारखेला टाकी कोरडी. मर्यादेच्या पुढे जाऊन बिल वाढायला नको म्हणून अप्पा वायर काढून ठेवतात. तुला वाटतं, दोघं कामात असतील. पुढचे तीन आठवडे ते रोज संध्याकाळी सातला त्या बंद कॉम्प्युटरसमोर येऊन बसतात. जेवायला बोलावलं की उठतात. मला ते बघवत नाही सावनी, आणि या वेळी मी ते चालू देणार नाही.

म्हणून मी गणित मांडलं. तुझं चित्र इकडे येतं ते मोजलं जातं, आणि आमचं तिकडे जातं तेही. तासाला सव्वादोनशे एमबी उडतात. नुसता आवाज ठेवला तर चाळीसच्या वर जात नाहीत. म्हणजे दोन्हीकडचे कॅमेरे बंद केले तर तीच टाकी रोज पाऊण तास बोलून महिनाभर पुरते. दोनदा पडताळून पाहिलं, बरोबर आहे. अप्पांना सांगितलं तर उसळले. म्हणाले, "चित्र हवंच. वकिलीची सनद घेतली नाही म्हणून तिच्याशी अबोला धरला होता मी. आता तोंड दाखवलं नाही तर तिला काय वाटेल?" म्हणून तर तुझ्याशी बोलायच्या आधी दाढी करून कोर्टाचा कोट चढवतात. तू त्यावरून चिडवतेस, ते हसतात. मी मात्र त्यांना अगदी खेटून बसते, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

आता उत्तर लिहिते. अप्पा तुझ्याकडे बघत नाहीत कारण त्यांना दिसत नाही. काचबिंदू आहे. विद्यानगरच्या डॉक्टरांनी मे महिन्यातच सांगितलं की गेलेली दृष्टी परत येत नाही. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. तुझा आवाज स्पीकरमधून येतो, म्हणून ते स्पीकरकडे तोंड करून बसतात आणि तुला वाटतं, तोंड फिरवलं. तू नवी शाल दाखवलीस तेव्हा मी टेबलाखाली त्यांच्या तळहातावर बोटानं 'हिरवी' लिहिलं, मग ते म्हणाले, हिरवा रंग तुला शोभतो. राग कसला, कळलं तर तू शेवटचं वर्ष अर्धवट टाकून येशील याची त्यांना भीती आहे. मलाही आहे, म्हणून स्पष्ट लिहिते, प्रबंध पुरा केल्याशिवाय आलीस तर मी दार उघडणार नाही. त्याऐवजी एवढं कर. एक तारखेला बोलायला आलीस की कॅमेरा लावू नकोस आणि त्यांना सांग, "अप्पा, लिमिट पुरत नाही, चित्र बंद ठेवू या." तुझ्या तोंडून आलं तर ते ऐकतील. खोटं बोलल्यासारखं वाटून घेऊ नकोस, लिमिट खरंच पुरत नाही. मग त्यांना कोट घालायला नको, नजर कुठे ठेवायची याची धास्ती नको. रोज त्यांना काहीतरी वाचून दाखव, तुझा प्रबंधच वाच. हरकती घेताना ते पुन्हा पहिल्यासारखे होतील. तुला कळलंय हे मात्र त्यांना कधीही कळू देऊ नकोस. तू वाचत असताना मी त्यांचा हात हातात घेऊन बसेन. तळहातावर आता काही लिहावं लागणार नाही.

तुझीच,
आई