भाचेसाहेबांची खुर्ची

मोहाडी, मंगळवार

प्रिय चंदू,

अनेक आशीर्वाद. पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे सुखरूप आहेत. फोनवर तू 'हो बाई, हो बाई' म्हणतोस आणि तेवढ्यात तुझ्या राइस मिलवर ट्रक लागतो. म्हणून लिहायला बसले. कागद खिशात राहतो, आणि त्याला मधेच तोडता येत नाही.

आमचे हे, तुझे भाटवे, आता काठीशिवाय अंगणात फिरतात. दुकानात उभं राहणं मात्र गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून दुकान भाड्याने दिलं. माझं नेहमीचंच. सकाळी देवपूजा, मग हिशेबाची वही, मग चूल. वहीला हे माझी दुसरी पोथी म्हणतात. म्हणू देत. त्या पोथीनेच या घराला कधी हात पसरू दिला नाही. सूनबाई रिता चांगली रुळली. जिभेने तिखट आहे, पण मनात काही ठेवत नाही.

भाऊबीजेला तू ताटात नोट टाकायला खिशात हात घातलास आणि मी तुझं मनगट धरलं, आठवते ना? ओवाळणी नको, कुलदीपला कामाला लाव म्हटलं. तू लगेच म्हणालास, "भाच्यासाठी मागावं लागते काय बाई? उद्याच पाठव." शब्द पाळलास. त्याला लाखनीला आपल्या घरी ठेवून घेतलंस, दर महिन्याच्या एक तारखेला पगार दिलास. त्या पैशात घरचं राशन आलं, यांची औषधं आली. चौंडेश्वरीला तुझ्या नावाने ओटी भरून आले. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

आपले सदाशिवमामा आठवतात? पांढऱ्या मिशांचे. उंबरठ्यातच वाकून तुझ्या पायांना हात लावायचे, आणि तू शेंबडा, चड्डी सावरत, देवासारखी मान ताठ करून उभा राहायचास. भाची म्हणून माझ्याही पाया पडायचे, तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. भाच्याकडून राबवून घेतलं तर पाप लागते, असं माय सांगायची. आपल्याकडची रीत आहे, ती मला मोडायची नाही.

पण मागच्या आठवड्यात लाखनीला एका तेरवीला आले होते, तेव्हा तुझ्या मिलवर डोकावले. तू भंडाऱ्याला गेला होतास. कुलदीप वजनकाट्याजवळ पंख्याखाली गादीच्या खुर्चीत बसला होता. समोर ना कागद, ना पेन. एक हमाल म्हणाला, "भाचेसाहेब, चहा सांगू काय?" आणि बाकीचे पोत्यांआड तोंड फिरवून हसले. तेवढ्यात धान वर चढवायची मोटार बंद पडली. कुलदीप ताडकन उठला, खिशातून टेस्टर काढला. तुझा मुनीम सुखराम धावत आला आणि त्याचे दोन्ही हात धरले. "राहू द्या जी भाचेसाहेब! तुमचे हात काळे झाले तर मालक मले ठेवत नाही." मग बाजारातून मिस्त्री बोलावला. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा पहिला वर्ग मिळवलेला माझा पोरगा पुन्हा खुर्चीत बसला आणि दुसऱ्याचं काम पाहत राहिला. सुखराम मला मोठ्या कौतुकाने सांगत होता, मालक रोज दिवा लावला की आधी लक्ष्मीला हात जोडतात आणि मग भाचेसाहेबांच्या पाया पडतात.

घरी येऊन मी हे सांगितलं. रिता म्हणाली, "आई, मामाजींनी मिलमध्ये देव बसवला. नारळ फोडाचा तेवढा राह्यला." मी हसले, आणि मग ताट तसंच सारून उठले. उन्हाळी धानाचे दिवस आहेत, शेतावरच्या मोटारी जळून राहिल्या. पूर्वी लोक दारात यायचे आणि हा जेवण अर्धं टाकून उठायचा. आता रविवारी घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपतो. परवा शेजारचे प्रवीणभाऊ पंप घेऊन आले, तर म्हणाला, "आता जमत नाही." न जमायला काय झालं? काही न करता पैसे घेणाऱ्याला आपल्याच हातांचा भरवसा राहत नाही, चंदू. तुझी माया कमी नाही पडली, जास्त झाली. भाच्याला भ्यावं ते कंसाने, तू कायले भितोस? गोकुळातला तो भाचाही गाई राखायला जातच होता.

म्हणून आता पुन्हा मागते, आणि नीट मागते. कुलदीपला तुझ्या मिलमधून काढ. तुमसरला भैयाजींचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, ते तुझा शब्द खाली पडू देत नाहीत. त्यांच्याकडे त्याला लाव. त्याचं काम सांग, शिक्षण सांग, पण तो तुझा भाचा आहे हे सांगू नकोस. पगार कमी असला तरी चालेल. दिवाळीपासून जो पगार तू दिलास तो त्याने कमावलेला नाही, आणि तो घरात खर्च झाला, आज परत करता येत नाही. तो माझ्या नावावर उसना लिही. त्यात जुन्या मोटारसायकलपुरते आणखी वीस हजार घाल, म्हणजे तो इथून रोज ये-जा करील. फेडायची जबाबदारी माझी, आणि 'असू दे बाई' म्हणायचं नाही. भाऊ म्हणून द्यायचं ते तू भाऊबीजेला दिलंस, हा व्यवहार आहे. तू नाही म्हणणार नाहीस हे धरून मी त्याचा डबा घासून ठेवला आहे. घरी आलास की खुशाल त्याच्या पाया पड, मीच पाट मांडून देईन. पण दिवसभर तिकडे कोणीतरी त्याच्यावर ओरडू दे, "ए पोरा, झोपला काय? पाना आण लवकर!"

तुझीच
बाई