सबिनाचा निळा कप

प्रिय आई,

सुखरूप पोचले. जॉर्जियात उकाडा आहे, पण मावशी पोटभर खाऊ घालतेय. तुझा खोकला कसा आहे?

खापरपणजी सबिनाच्या नावाचा दगड आला. ती गुलामीतून सुटली, पण थडग्यावर नाव नव्हतं. दगड बसवण्याआधी मी दफनभूमी झाडली आणि थडग्यांवरचे फुटके कप कचऱ्यात टाकले.

लुएला मावशी म्हणाली, "शहाणे, माणूस ज्यातून शेवटचं प्यायलं, तो कप फोडून थडग्यावर ठेवतात. निळ्या कपावरून सबिना कळायची. आता दगड कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर?"

कपाचे तुकडे सापडले, जागा सापडली नाही. दगड ओकच्या झाडाला टेकवून ठेवलाय.

तू हल्ली कॉफी कोणत्या कपातून पितेस? सहज विचारलं.

औषध चुकवू नकोस.

तुझी,
अर्नेटा