फुग्याची म्हणू नको

क्वार्टर नं. ७, धरण वसाहत, सिद्धेश्वर
सोमवार, ३ नोव्हेंबर

ती. पार्वती आत्या यांस,
शिवकन्येचा सा. नमस्कार.

प्रकृतीची चौकशी खाली केली आहे. आधी झालेली हकिकत क्रमाने देते, कारण एव्हाना ती तुम्हाला तीन जणांनी तीन तऱ्हेने सांगितली असणार.

१. सोमवार, २९ सप्टेंबर. व्यंकट काका माझी एक जुनी हवेची बंदूक खंडेनवमीच्या पूजेसाठी शिरड शहापूरला घेऊन गेले. परत द्यायची तारीख ३ ऑक्टोबर ठरली.
२. बुधवार, १ ऑक्टोबर. काकूंनी पूजा केली. बंदुकीत तेल गेलं.
३. गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा. काकांनी बंदूक चालवली. मोठा आवाज झाला.
४. माणसांना इजा नाही. एका फ्लेक्सला आहे.
५. त्याच संध्याकाळी ती बंदूक आपल्या घराण्याची झाली.
६. मंगळवार, २८ ऑक्टोबर. ठाण्यातून जमादार आले.
७. बंदूक अजून काकांकडे आहे.

आता प्रकृती. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? तेल चोळू नका, शेक घ्या, असं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं. (या पत्रात तेल पुढे बऱ्याचदा येणार आहे. बहुतेक ठिकाणी ते नको होतं.) हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्ही कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर फोन गल्ल्याशेजारी ठेवता आणि स्पीकर लावून बोलता. मागच्या वेळी माझ्या लग्नाचा विषय निघाला, तेव्हा एका ट्रक ड्रायव्हरने मध्येच मला सल्ला दिला होता. (सल्ला वाईट नव्हता. पण मी त्यांना ओळखत नाही.) म्हणून पत्र.

माझ्याकडे अशा बंदुका चार आहेत. नातेवाइकांत हा आकडा अकरापर्यंत गेला आहे आणि माझ्या बायोडाटात आईने ‘छंद : वाचन’ असं लिहून तो शून्यावर आणला आहे. चारही बंदुका लिव्हरच्या आहेत, सगळ्यात नवी माझ्या बाबांपेक्षा मोठी. नळीखालची लोखंडी दांडी, म्हणजे लिव्हर, खाली ओढली की आत जाड स्प्रिंग दाबली जाते आणि ‘कट्’ असा एकच आवाज येतो. चाप ओढला की स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्या हवा दाबतो आणि ती हवा छर्रा बाहेर काढते. दारू नाही, काडतूस नाही. नळी साडेचार मिलिमीटरची, ताकद वीस ज्यूलच्या बरीच आत, म्हणून परवानाही लागत नाही. दर रविवारी सकाळी मी क्वार्टरमागे दहा मीटरवर डब्यांची झाकणं टांगते आणि पन्नास छर्रे मारते. यात काय मजा आहे, असं मला विचारतात. तो ‘कट्’ आवाज ज्याने ऐकला आहे तो विचारत नाही. धरणावर माझ्या ताब्यात कित्येक टनांचे दरवाजे आहेत आणि त्यांतला एकही इतक्या स्वच्छपणे बंद होत नाही.

काकांनी नेलेली बंदूक या चारांत सगळ्यात जुनी. साधारण नव्वद वर्षांची, परदेशी बनावटीची, कारखान्याचा शिक्का घासून गेलेला. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला हिंगोलीच्या मैदानावर फुग्यांच्या स्टॉलवाल्या प्रेमसिंगकडून मी ती घेतली. ते आता लेकरांसाठी हवा भरलेली घसरगुंडी लावतात (धंदा हवेचाच, पण वेगळा) आणि बंदुका भंगारात देऊन राहिले होते. तिच्यावर मी अकरा महिने काम केलं. गंज काढला, दट्ट्याचा चामड्याचा वायसर नवा कापून बसवला, मागच्या लाकडी दस्त्याची भेग भरली. दस्त्याच्या खालच्या टोकाला एक खाच आहे, ती मात्र भरली नाही. तिच्याविषयी पुढे.

काका त्या सोमवारी आले ते चहा न घेताच बसले, यावरून काम अवघड आहे हे कळलं. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्यांनी मनात घेतलं आहे हे तुम्हाला माहीत आहे. घरासमोर दहा फुटी फ्लेक्स लागला आहे, त्यावर काकांचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली ‘भावी जिल्हा परिषद सदस्य’. पण गावातल्या नरसिंगनेही तसाच फ्लेक्स लावला आणि खंडेनवमीला तो जुनी तलवार पूजतो. काका मला म्हणाले, “त्याच्यापाशी तलवार हाय. आपल्यापाशी काय हाय? फवारणीचा पंप. पंपाला हार घालून फोटो काढू का गं? पुतणीपाशी चार बंदुका आन काकापाशी पंप, हे बराबर दिसतं का?” मी म्हणाले, पंपानेच तुमचं पीक वाचलं आहे. त्यावर ‘हिला फार शिकवलं,’ असं ते बाबांना म्हणाले. (बाबांनी दोघांचंही बरोबर आहे असं सांगितलं. ते नेहमी तसंच सांगतात.) मी बंदूक दिली आणि सोबत एक कागद दिला : कोरड्या फडक्याने पुसावे. तेल घालू नये. चालवू नये. तिन्ही गोष्टी क्रमाने मोडल्या गेल्या.

दोष काकूंचा नाही. या जातीच्या बंदुकीत नळीच्या मागे, वरच्या अंगाला, छर्रा ठेवण्यासाठी एक छोटी गोल वाटी असते. ती देव्हाऱ्यातल्या निरांजनाच्या मापाची आहे, हे आजवर कोणत्याही तांत्रिक पुस्तकात नोंदलेलं नाही. काकूंनी हळद-कुंकू वाहिलं, वाटी पाहिली, तीत तिळाचं तेल भरलं आणि बंदूक कोपऱ्यात नळी वर करून उभी केली. तेल दिवसभर निवांत आत उतरत गेलं. नंतर मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वाटी व्हती, मंग कोरडी काहून ठेवू?”

दुसऱ्या दिवशी दुपारी, सोनं वाटायला चाळीसेक मंडळी अंगणात जमली असताना, काकांनी वाटीत छर्रा टाकला (फुगे फोडताना पाहिलेलं सगळ्यांनाच असतं) आणि भिंतीवर ठेवलेल्या नारळावर नेम धरला. हवा एकदम दाबली की तापते. त्या तापलेल्या हवेत तेलाची वाफ असेल तर ती पेट घेते, डिझेल इंजिनात रोज हेच होतं. एरवी जिचा आवाज दार लोटल्याएवढा, ती बंदूक सुतळी बॉम्बसारखी वाजली आणि नळीतून निळा धूर निघाला. म्हैस दावं तोडून गेली. माजी सरपंच खाली बसले आणि बसायलाच आलो होतो असं म्हणाले. नारळाला काही झालं नाही. छर्रा नारळाच्या डावीकडे सव्वादोन मीटरवर, फ्लेक्सवरच्या ‘भावी’ या शब्दात गेला. काकांच्या मते हा शुभशकुन आहे, कारण भावी गेलं आणि सदस्य राहिलं. छिद्र साडेचार मिलिमीटरचं आहे आणि शब्द अजून स्वच्छ वाचता येतो, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्याचा उपयोग झाला नाही.

धूर विरायच्या आत गर्दीतल्या कोणीतरी विचारलं, “कोणाची हो ही?” काकांनी माझं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं, असं काकू शपथेवर सांगतात. बाहेर आलं ते “आमच्या आबाची.” संध्याकाळपर्यंत आबांनी त्या बंदुकीने रझाकारांना पूर्णेपार हाकललं होतं. मी शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स पाठवली : रझाकारांच्या त्या साली, १९४८ला, आबा अकरा वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी बंदूक पणजोबांची झाली आणि रझाकार तीनाचे सात झाले. (बंदुकीचं वय दुर्दैवाने जुळतं.) तेव्हापासून पाहुणे येतात, काकू चमच्याने तेल आणतात, आणि काका आवाज काढून दाखवतात. बंदुकीला तेल पाजलं की ती बोलते, असं गावात रूढ झालं आहे. मागच्या शनिवारी दोन बायका येऊन वाटीत तेल वाहून गेल्या, एकीच्या लेकराचं दुखणं आहे म्हणून. ते आता बरं आहे असं ऐकते, त्यामुळे पुढच्या शनिवारी जास्त येतील. आतापर्यंत एकोणीस आवाज झाले. अशा आवाजांनी स्प्रिंग तुटते, चामडं जळतं, सांधे सुटतात. तिचं फार थोडं आयुष्य शिल्लक आहे.

त्या आवाजाचा व्हिडिओ फिरत फिरत ठाण्यात पोचला. जमादार फुलसिंग सभ्य गृहस्थ आहेत. काकांनी मला बोलावून घेतलं होतं, मी प्रेमसिंगची पावती घेऊन गेले. तिच्यावर स्पष्ट लिहिलं आहे : ‘फुग्याच्या स्टॉलवरची जुनी हवेची बंदूक, नग १’. जमादारांनी ती वाचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “म्याडम, मला बी दिसून राहिलं की ही फुग्याची हाय. माझ्या पोरानं हिनंच फुगे फोडले असतील. पण तुमचे काकासाहेब म्हणतात रझाकारावर चालली. चालली असंल तर लायसन दाखवा. न्हाई तर एका वळीवर सही करा की हवेची हाय, पुतणीची हाय. मी चहा पिऊन जातो.”

काका सही करायला तयार नाहीत. जमादार फटफटीला किक मारत असताना काकांनी माझा हात धरला. “केस झाली तर होऊ दे. इलेक्शनला एखादी केस असली तर माणूस वजनदार दिसतो. पण फुग्याची म्हणू नको, शिवकन्या. नरसिंग माझ्या दारात फुगे बांधील.” मी विचारलं, आणि बंदूक? ते म्हणाले, जप्त झालेली बंदूक म्हणजे आणखी मोठी बंदूक.

बुधवारी, १२ नोव्हेंबरला, जमादार परत येणार आहेत. तोवर सही नसेल तर बंदूक जप्त होऊन तपासणीला जाईल. तपासणीला किती दिवस लागतात, असं मी विचारलं. “माझ्या रिटायरमेंटच्या आत न्हाई,” असं ते म्हणाले. त्यांचं वय चाळीसच्या आसपास दिसतं.

काका आयुष्यात एकाच माणसाला घाबरतात आणि ते माणूस कनेरगाव नाक्यावर गल्ल्यावर बसतं. पण नुसतं रागावून चालणार नाही, त्यांना बाहेर पडायला वाट हवी. म्हणून ती खाच.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला हिंगोलीच्या दसऱ्याला नेलं होतं. प्रेमसिंगच्या स्टॉलवर हीच बंदूक उलटी करून तुम्ही दस्त्यावरची खाच दाखवली आणि सांगितलं की सतराव्या वर्षी, मैत्रिणीकडे जाते असं घरी सांगून, तुम्ही इथे दहा छर्रे घेतले होते. तेव्हा स्टॉल प्रेमसिंगच्या वडिलांचा होता. नऊ छर्र्यांत नऊ फुगे फुटले. दहाव्याला नेम धरला आणि गर्दीतून आबा येताना दिसले. बंदूक हातून दगडावर पडली आणि तुम्ही पळालात. “ही खाच माझी हाय,” तुम्ही म्हणालात, “कोणापाशी बोलू नको.” मी अठरा वर्षं बोललेले नाही. मागच्या वर्षी भंगाराच्या ढिगात मी तिला त्या खाचेवरूनच ओळखलं.

आबांचा आणि या बंदुकीचा आलेला एकमेव संबंध असा आहे की त्यांना पाहून ती पडली.

माझी विनंती अशी की ही गोष्ट तुम्ही स्वतः काकांना सांगावी. (या वेळी स्पीकर लावला तरी हरकत नाही.) मग त्यांना सही करता येईल आणि खोटंही बोलावं लागणार नाही. ही बंदूक आपल्या घराण्यात चालवली गेली आहे, हे ते फ्लेक्सवरसुद्धा छापू शकतात. नऊ छर्रे, नऊ फुगे. माझ्या माहितीत आपल्या घराण्याची इतकी अचूक कामगिरी दुसरी नाही. तुमची परवानगी नसेल तर हा परिच्छेद लिहिला नाही असं समजावं. जप्ती झाली तरी मी बोलणार नाही.

आपली,
शिवकन्या

ता. क. हे पत्र हरीशदादाला दाखवू नये. आपली आई कोणे एके काळी घरी खोटं सांगून जत्रेला गेली होती हे त्याला कळलं, तर तो आपल्या मुलींना कोणत्या तोंडाने रागावणार?

ता. क. २. तेलाविषयी वर जे लिहिलं ते ऐकीव नाही. खात्री करावी म्हणून मी माझ्या दुसऱ्या बंदुकीत तीळ, शेंगदाणा आणि करडई, प्रत्येकी दोन थेंब, असे प्रयोग केले. करडईचा आवाज सर्वांत मोठा. तो एकदा ऐकल्यावर आणखी पाच वेळा खात्री केली. सहाव्या वेळी स्प्रिंग तुटली. हे काकांना कळू नये. आणि कोणी इकडे येणार असेल तर घाण्याचं करडईचं तेल अर्धा लिटर पाठवावं. भाजीसाठी.

ता. क. ३. बंदूक जप्तीतून वाचली तर रविवारी, १६ तारखेला, क्वार्टरमागे दहा मीटरवर एक फुगा बांधून ठेवते. तुमचा दहावा राहिला आहे. गुडघा वाकवावा लागणार नाही, उभ्यानेच मारायचं असतं.

पोस्टाला चार दिवस धरले आहेत. कृपया मंगळवार, ११ नोव्हेंबरपर्यंत उत्तर द्यावे.