सिंधूच्या कॅमेऱ्याची पिशवी

चि. सिंधू,

कॅमेरा तुझ्या नव्या चामडी पेटीतून काढून माझ्या खाकी पाठपिशवीत ठेवला आहे. रागावू नकोस. ती चकचकीत पेटी पाहून लंडनपर्यंतच्या सगळ्या चोरांना आत काय आहे ते कळलं असतं. ही पिशवी पाहून लोक फार तर चिवडा मागतील. बोटीवर ती पाठीवरच असू दे.

आतून रुईचं जाड अस्तर आहे, भिंगाला धक्का लागायचा नाही. शिवण वाकडी आहे, ती माझी. रुई तुझ्या आईच्या दुलईतली आहे.

हो, तीच दुलई. तेराव्याला शय्यादानात द्यायची म्हणून आपण घरभर शोधली, तेव्हा ती माझ्या पुस्तकांच्या पेटीत होती. दुसऱ्याच्या घरी जाऊ द्यायला माझा जीव धजला नाही. तू मैनाबाईवर आळ घेतलास. "मले काय करायची बाईंची दुलई, ताई?" एवढंच म्हणून ती काम सोडून गेली. मी समोरच बसून वर्तमानपत्र वाचत होतो. जन्मभर लोकांची ढोंगं छापली, त्या दिवशी तोंड उघडलं नाही.

पहिल्या एस.टी.नं अंजनगावला तिच्याकडे जातो आहे. माफी मागीन. निघताना तुझ्या हातावर दही घालायला येतेस का, असंही विचारीन.

दही फडताळात झाकून ठेवलं आहे. एकपर्यंत आम्ही आलो नाही, तर तुझं तूच घेऊन नीघ. गाडी चुकवू नकोस.

नाना