पाच आणि पाच, पुढे कोणी नाही

आबा,

तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. ती हयात माणसांपैकी कोणालाही विचारण्यात अर्थ नाही. ज्यांना सांगता येईल त्यांना उत्तर ठाऊक नसणार, आणि ज्यांना ते ठाऊक झाले असेल त्यांना सांगता येणार नाही. वडील म्हणून नव्हे, तर त्या वाटेने आधी गेलेला माणूस म्हणून तुमचे स्मरण करतो आहे. प्रश्न मात्र लगेच विचारीत नाही. संदर्भ न देता प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात उभा करीत असे, तेव्हा आधी संदर्भ देतो.

साताऱ्याच्या या घरात, तुमची खाट जेथे होती त्या खिडकीपाशी, आता एक संगणक आहे. माझी मुलगी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रभागांचे आराखडे करते. तिने स्वतःला नवा संगणक घेतला आणि जुना मला दिला, त्याच्यासोबत फुटबॉलचा एक खेळही. या खेळात चेंडूला पाय लावायचा नसतो. संघाचे व्यवस्थापक व्हायचे, मैदानाच्या नकाशावर अकरा जणांना जागा नेमून द्यायच्या, कोणी धावून पुढे जायचे आणि कोणी काहीही झाले तरी मागेच थांबायचे हे ठरवायचे, आणि मग सामना सुरू करून हाताची घडी घालून पाहत बसायचे. गिरणीच्या संघासाठी तुम्ही जे करीत होतात तेच हे. फरक इतकाच की, येथे सामन्यासाठी कोणी पाळी बुडवली म्हणून साहेबाचे बोलणे खावे लागत नाही. मी या खेळात देशोदेशींचे जुने संघ, ते ज्या पद्धतीने खेळत त्या पद्धतीने, पुन्हा उभे करतो. हंगेरी झाली, ब्राझील झाला, हॉलंड झाले. ही सवय कोणाची, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सांगलीजवळच्या माधवनगरचे, गिरणीच्या चाळीतले आपले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पहिली पाळी करून आलेले आहात. भुवयांवर सुताची पांढरी लव आहे. सारवलेल्या जमिनीवर तुम्ही मागावरच्या रिकाम्या कांड्या उभ्या करता आहात. एक कांडी म्हणजे एक गडी. पलटणीत असताना तुम्ही संघाचे गोलरक्षक होतात, तुमच्या भाषेत गोली, आणि गिरणीत विणकरांवरचे मुकादम, म्हणजे जॉबर, झाल्यावर त्यांचा संघ तुमच्याकडे आला. वर्तमानपत्रात परदेशातल्या सामन्याच्या चार ओळी येतात. त्या मी मोठ्याने वाचायच्या आणि तुम्ही त्यांवरून तो देश जमिनीवर मांडायचा. हंगेरीचा मधला खेळाडू मागे येऊन खेळला, एवढे मी वाचतो आणि तुम्ही मधली कांडी बोटाने मागे ओढता, मग बराच वेळ तिच्याकडे पाहत राहता. चुलीपुढून आई म्हणते, "आवं, तो ब्राझील उचला आता. ताटं कुटं मांडू?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "तो ब्राझील न्हवं, हंगेरी हाय. अर्धं मैदान तुजं."

त्या दिवशी मला काय सुचले कोणास ठाऊक. तुम्हाला बरे वाटावे म्हणून मी बातमीत पदरचे घातले. उजवीकडचा खेळाडू विजेच्या वेगाने कोपऱ्याकडे धावला, असे वाचले. तुम्ही कांडी सरकवली, थांबलात, ती ओळ पुन्हा वाचायला सांगितलीत. ती ओळ छापलेलीच नव्हती. तुम्ही हात उगारला नाही. म्हणालात, "ल्येका, छापलंय तेवढंच वाच. तुज्या एका शब्दानं माझा गडी भलतीकडं पळाला." पुढे आयुष्यभर मी व्याकरण शिकवले. मुलांच्या निबंधांतली फुगवलेली वाक्ये लाल शाईने छाटली. लोकांना वाटे, हा काटेकोरपणा मी पुण्याच्या महाविद्यालयातून आणला. तो गिरणीच्या चाळीतून आणलेला होता.

आता इटलीकडे येतो. तुमचा सर्वांत लाडका बचाव त्यांचा. चार जण समोरच्याला चिकटलेले आणि त्यांच्याही मागे एक मोकळा. दाराला आतून कडी घालावी तसा. तुम्ही त्या माणसाला कडीच म्हणत होतात. तो संघ उभा करायला मला उन्हाळ्याचे बरेच दिवस लागले. आजकालच्या फुटबॉलला मागे थांबणारा माणूस रुचत नाही, आणि हा खेळ आजकालचा आहे. त्या एकट्याला मागे ठेवले की तो सूचना न जुमानता पुढे सरकतो. शेवटी जमले. मी त्या रचनेला 'इटली' असे नाव दिले. मुलगी येता-जाता विचारायची, "बाबा, सेव्ह केलंत का?" मी म्हणायचो, "जतन केले." ती म्हणायची, "तेच ते. जतन झालं नसलं, तर लाईट गेल्यावर मला हाका मारू नका."

गेल्या रविवारी सकाळी मी संगणक उघडला. रचनांच्या रांगेत 'इटली'च्या खाली आणखी एक नाव होते: 'आबांची इटली'. मी ती उघडली. गोलरक्षकापुढे पाच जण एका ओळीत, त्यांना जवळजवळ टेकून आणखी पाच, आणि पुढे अख्खे मैदान रिकामे. हल्ल्याला एकही माणूस नाही. मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. कोणीतरी माझ्या वस्तूला हात लावला होता. मी मुलीला जरा तोडूनच हाक मारली. ती पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि पडद्याकडे पाहून म्हणाली, "मी कशाला हात लावू? काल दुपारी तुम्हीच तर करत होता. मी चहा आणला, तर मान वर न करता विचारलंत, 'पाळी सुटली का गं?' मला हसूच आलं. म्हटलं, बाबांना आज गिरणीतली भाषा आठवतीय."

मी विचारले, "आणि मग?"

"मग काय? चहा प्यालात. गोड हसलात माझ्याकडं बघून."

आबा, त्या शनिवारी दुपारी मी झोपलो होतो. पंखा लावून, भिंतीकडे तोंड करून झोपलो होतो, असे मला स्वच्छ आठवत होते, अजूनही आठवते. आणि ती भाषा माझ्या तोंडी माधवनगर सोडल्यापासून आलेली नाही. शिक्षकाच्या मुलाखतीला निघालो त्या दिवशी मी ती जाणूनबुजून घरी ठेवून गेलो होतो. मुलीच्या जन्मानंतर या घरात ती फक्त तुम्ही बोललात.

ती आत गेल्यावर पडद्याकडे पाहत राहिलो, आणि मग ती रचना मी आधी कोठे पाहिली होती ते ध्यानात आले. गिरणी बंद पडली, आई गेली, आणि तुम्हाला मी साताऱ्याला घेऊन आलो, त्या काळातली ती गोष्ट. तुमच्या ट्रंकेत त्या जुन्या कांड्या होत्या. एके दुपारी तुम्ही त्या याच फरशीवर मांडल्यात: गोलरक्षक, आणि त्याच्या अवतीभोवती दाटीवाटीने पाच आणि पाच. मी शाळेतून आलो होतो, पायांत अजून चपला होत्या. मी म्हणालो, "आबा, पुढे कोण?" तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत. "फुडं कुनी नगं," म्हणालात. "त्यो एकटा भितोय." मला वाटले, हा कोणत्या तरी देशाचा बचाव आहे आणि तुमची मांडणी चुकली आहे. थोड्याच दिवसांनी तुम्ही पहाटे उठून, अंघोळ करून, सांगलीच्या एस.टी.त जाऊन बसलात. वाहकाने कोठे जायचे विचारले, तर म्हणालात, पहिल्या पाळीला. त्या भल्या माणसाने तुम्हाला कराडला उतरवून परतीच्या गाडीत बसवले. आणि त्या दिवाळीत मी तुमच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा तुम्ही मोठ्या अदबीने पाय मागे घेतलेत आणि म्हणालात, "मास्तर, तुमी कुनाचं?"

तर प्रश्न हा आहे. तुम्हाला कळत होते का? भितो आहे तो कोण, हे कांड्या मांडताना तुम्हाला ठाऊक होते का, की तो केवळ एक गोली होता? डॉक्टर तेव्हा म्हणाले होते की, रोग्याला यातले काही जाणवत नाही, त्रास घरच्यांनाच होतो. मी ते आनंदाने मान्य केले. आज ते वाक्य मला कोणत्याच बाजूने धीर देत नाही. तुम्हाला कळत असेल, तर मला प्रत्येक पायरी डोळे उघडे ठेवून उतरायची आहे. तुम्हाला कळत नसेल, तर मी किती पायऱ्या उतरलो आहे हे मला आजही सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी स्वतःची परीक्षा घेतो. अंघोळ करताना शब्द चालवतो, प्रथमेपासून संबोधनापर्यंत. एकही रूप चुकत नाही. पण हा पुरावा नव्हे, हे मला कळते. शनिवारी दुपारी जो माझ्या खुर्चीत बसला होता, तोही काही चुकला नव्हता. त्याला संगणक सुरू करता आला, त्याने नाव शुद्ध लिहिले, रचना जतन केली, चहा न सांडता प्याला. त्याने एखादा घोटाळा केला असता, तर मला इतकी भीती वाटली नसती. तो माझ्या घरात माझ्याइतकाच सराईतपणे वावरतो, आणि मुलीला त्याचे हसू आवडले.

येत्या गुरुवारी सांगलीला डॉक्टरांकडे जायचे आहे. मुलीला मी सांगितले की, झोप नीट लागत नाही. ती म्हणाली, "झोपेसाठी सांगली? साताऱ्यातले डॉक्टर काय संपावर गेलेत?" मी म्हणालो, येथले सगळे डॉक्टर माझे विद्यार्थी आहेत. त्या दिवसापासून मी खेळायला बसलो की ती भाजी निवडायला याच खोलीत येते. मेथीची एक जुडी निवडायला तिला संध्याकाळ लागते.

'आबांची इटली' मी पुसून टाकणार होतो. मी आयुष्यात चुकीची मांडणी पाहून पुढे गेलेलो नाही. पण पुसण्याआधी ती एकदा खेळवून पाहिली, समोर ब्राझील ठेवला. ते येत राहिले, लाटेमागून लाट यावी तसे, आणि हे दहा जण गोलरक्षकाभोवती उभे राहिले. कोणी पुढे गेले नाही. कोणी त्याला सोडले नाही. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि कितीतरी दिवसांनी मला इतके शांत वाटले की, त्या शांततेचीच धास्ती बसली. ती रचना जेथे होती तेथेच आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, आणि मुलीच्या हाती लागेल असे ठेवणारही नाही. एरवी माझी लिहिण्याची पद्धत तुम्ही जाणता. मजकूर रात्रभर बाजूला ठेवायचा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी तपासायचा. आज तसे केलेले नाही. मुलीने जेवायला दोनदा बोलावले, तरी मी उठलो नाही, एका बैठकीत शेवटापर्यंत आलो. अर्धे सोडून उठण्याचा मला धीर झाला नाही. परत आल्यावर ते पूर्ण झालेले आढळले असते, तर मी काय केले असते?