साधा ताप

प्रिय मैद्या,

हे नाव तुझ्या भावोजींनी ठेवलेलं. बेकरीतून तू परस्पर आमच्याकडे यायचास, भुवयांपर्यंत पिठाने माखलेला, आणि ते दारातूनच ओरडायचे, आला गं तुझा मैदा, चाळणी आण. मी कधी तुला त्या नावाने हाक मारली नाही. आता मारणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी मारते.

त्यांचा चष्मा अजून शिवणयंत्रावरच आहे. हलवायला हात धजत नाही. आई दोन घास खाते, बाकीचं ताटात चिवडत बसते. तू दार उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, त्याचा तिने धसकाच घेतलाय.

खरं सांगू? मला तुझा राग आलाय. साथीत आजारी पडलास तेव्हा बेकरीचा मालक कामावरून काढेल म्हणून सगळ्यांना साधा ताप सांगितलास, अगदी डॉक्टरलासुद्धा. तपासणी केलीच नाहीस. बरा झालास, नोकरीही टिकली. पुढे बऱ्याच दिवसांनी भावोजींना तोच आजार झाला. डॉक्टर म्हणाले, यातून उठलेल्या माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा मिळाला तर देऊन बघू, खात्री नाही. मी गल्लीत दारोदार फिरले. ज्यांच्या खिडक्या महिनाभर बंद होत्या, तेही म्हणाले, छे, आमच्याकडे साधा ताप होता. एकाने तर मलाच सुनावलं, अंगातली ताकद कशाला काढून द्यायची.

तू मात्र धावत आलास. रक्तपेढीतल्या बाईंपुढे बाही वर करून उभा राहिलास. त्यांनी तुझा डॉक्टरचा जुना कागद बघितला, त्यावर साधा ताप. आता रक्त तपासूनच ठरवावं लागेल, अहवाल येईपर्यंत थांबा, म्हणाल्या. भावोजी थांबले नाहीत.

त्यांना निरोप देऊन परतताना तू एवढंच बोललास, “ताई, मी मारलं त्यांना.” आज सांगते, त्यांना आजाराने मारलं. प्लाझ्मा मिळूनही ते वाचले असते का, हे डॉक्टरलाही ठाऊक नाही. माझा राग आहे तो आहे, पण हे ओझं तुझं नाही.

हे पत्र दाराखालून सरकवतेय त्याचं कारण वेगळंच आहे. काल रक्तपेढीतल्या बाईंचा फोन आला. तुझा अहवाल आलाय, तुझा प्लाझ्मा चालतो. भावोजींच्याच खाटेवर आता एक पोरगी आहे, नुकतीच कामाला लागलेली नर्स. तिचा रक्तगट तुझाच. तिची आई बाहेरच्या बाकावर बसलीय, मी बसायचे तिथेच. तोंड धू, पोटभर जेव आणि ये. मी रुग्णालयाच्या फाटकाशी थांबते. काय झालं होतं, असं त्या बाई पुन्हा विचारतील. आजाराचं नाव घे, मैद्या. बाकावरच्या आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घे.

तुझीच,
रागावलेली ताई